श्रवणचाचणीतला पेशंट

हॉलमधल्या स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. समोर जर्मनची परीक्षा द्यायला आलेल्या नर्सेस पेन्सिली सरसावून बसल्या होत्या आणि संगणकाच्या पडद्यावर एक बारकं वर्तुळ गरागरा फिरत होतं. संस्थेचे संचालक त्या वर्तुळाकडे असे बघत होते, जणू ते थांबलं की त्यांचं हृदयही थांबणार होतं.

"बाई, हे सुरूच होत नाहीये," ते ओठ न हलवता म्हणाले.

जर्मन शिकवणाऱ्या बाईंना संस्थेत सगळे फ्राऊबाई म्हणत. वर्गात पहिल्या दिवशी त्यांनी "मला फ्राऊ म्हणा" असं सांगितलं होतं. फ्राऊ म्हणजे जर्मनमध्ये बाईच. पण नुसतं फ्राऊ म्हणायला मुलींची जीभ रेटेना. शेवटी 'बाई' जोडलं तेव्हा कुठे सगळ्यांना बरं वाटलं.

फ्राऊबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. ध्वनिफीत वेळेत सुरू झाली नाही तर परीक्षा रद्द, असा परीक्षा मंडळाचा नियम होता. पुढची परीक्षा थेट सहा महिन्यांनी. पहिल्या रांगेत थोरली सिस्टर बसली होती. जर्मनीतल्या हॉस्पिटलने तिला रुजू होण्याची तारीख देऊन ठेवली होती, इथल्या नोकरीचा राजीनामा मंजूर झाला होता, आणि दोन मुलं सासूबाईंकडे राहायला जाऊन रुळलीसुद्धा होती. सहा महिने तिने काय करायचं?

त्यात यंदापासून मंडळाने नवं धोरण काढलं होतं. पुस्तकी, इस्त्री केलेली जर्मन पुरे झाली. उमेदवारांच्या कानावर खरी भाषा पडली पाहिजे. बंदरावरची, डोंगरातली, परदेशातून येऊन तिथे स्थायिक झालेल्या लोकांची. भाषेतली विविधता म्हणतात ती हीच. कल्पना उत्तम होती. फक्त ती ऐकू येत नव्हती.

"संवादांचा मजकूर तरी उघडलाय का?" फ्राऊबाईंनी विचारलं.

"तो उघडलाय. छापूनही झालाय. पण मजकूर काय ऐकवायचाय का?"

फ्राऊबाईंची नजर हॉलच्या बाजूच्या खोलीकडे गेली होती. मोडक्या खुर्च्या, जुने पडदे आणि घोषणा करायचा माईक त्या खोलीत असे. माईकची वायर याच स्पीकरला जोडलेली होती.

संचालकांना ती नजर कळली. "बाई, नको. केंद्राची मान्यता जाईल."

"परीक्षा रद्द झाली तर राहणार आहे का? इंग्लिश नाही, फ्रेंच नाही, आता जर्मन हाच आपला शेवटचा वर्ग आहे. लोक मोबाईलवर भाषा शिकतायत."

"पण त्यात पुरुषाचा आवाज पण आहे!"

नेमके त्याच वेळी फ्राऊबाईंचे यजमान दारात उभे राहिले. निवृत्त ड्राफ्ट्समन. बायको चष्मा घरी विसरली म्हणून तो द्यायला आले होते. "अगं, हा घे. फ्रीजवर ठेवला होतास," ते म्हणाले आणि परत वळले. फ्राऊबाईंनी त्यांची बाही पकडली.

लग्न झाल्यापासून त्या घरात जर्मन बोलली जात होती. शिकवणीला मुली येत, फोनवर तोंडी परीक्षा चालत. यजमानांनी इतक्या वर्षांत त्यातले दोनच शब्द घेतले होते. 'या' म्हणजे हो आणि 'नाइन' म्हणजे नाही. बाकी जर्मन कानावर पडली की ते वर्तमानपत्र उघडत.

"मी? परीक्षेत?" सामानाच्या खोलीत ढकलले गेल्यावर ते कुजबुजले. "मला काय येतंय?"

"तुम्ही पेशंट आहात. पेशंटला फार बोलायचं नसतं. मी कोपर एकदा मारलं की 'या', दोनदा मारलं की 'नाइन'. माईकसमोर शिंकू नका."

फ्राऊबाईंनी चष्मा लावला, बटण दाबलं आणि संवाद पहिला सुरू केला. बंदरावरची मासळीवाली आणि गिऱ्हाईक. त्यांनी मासळीवालीला जाड आवाज दिला, गिऱ्हाइकाला बारीक. हॉलमधून पेन्सिलींची खरखर ऐकू आली. म्हणजे सगळं पोचत होतं. संचालक हॉलमध्ये थांबले होते. पहिला संवाद संपता संपता त्यांचा मोबाईलवर निरोप आला. 'परदेशी निरीक्षक आलेत. न कळवता. मागच्या खुर्चीवर बसलेत. काय करू?'

फ्राऊबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता थांबलं तर उघडं पडणार, आणि चालू ठेवलं तरी कधीतरी उघडं पडणारच. त्यांनी मोबाईल पालथा ठेवला आणि संवाद दुसरा वाचायला घेतला.

दुसऱ्यात स्टेशनवरची घोषणा होती, डोंगराळ भागातल्या बाईच्या आवाजात. फ्राऊबाईंना डोंगरातली जर्मन येत होती, पण एकाच माणसाकडून. तरुणपणी शिकायला गेल्या तेव्हा त्या ज्या म्हातारीकडे भाड्याने राहत होत्या, ती दिवसभर डोंगरी बोलीत त्यांना रागवत असे. खिडकी का उघडी, जिना का ओला, दिवा का चालू. त्यामुळे फ्राऊबाईंच्या डोक्यात त्या बोलीचा तेवढाच एक सूर बसला होता. गाडी उशिरा येणार असल्याची घोषणा त्यांनी अशा ठसक्यात केली, की हॉलमधल्या दोघीतिघी पाठ ताठ करून बसल्या. गाडीला उशीर त्यांच्यामुळेच झाला असावा असं त्यांना वाटलं.

मग आला संवाद तिसरा. डॉक्टर आणि बाहेरच्या देशातून तिथे राहायला आलेला वयस्क पेशंट.

"पोटात दुखतंय का?" फ्राऊबाई डॉक्टर झाल्या आणि त्यांनी कोपर मारलं.

"या," यजमान म्हणाले. आवाज खोल, थोडा घाबरलेला. उत्तमच.

"रात्रीपासून?"

"या."

फ्राऊबाईंना धीर आला. त्यांनी पान उलटलं. उलटताना कोपर यजमानांना दोनदा लागलं, आणि तेव्हाच त्या वाचत होत्या, "एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे का?"

"नाइन," यजमान ठणकावून म्हणाले.

मजकुरात 'हो' होतं. प्रश्नपत्रिकेत त्याच्यावरच प्रश्न होता. हॉलमध्ये आत्ता सगळ्याजणी 'नाही'वर खूण करत असणार! फ्राऊबाईंच्या कपाळावर घाम आला. मजकुरात नसलेलं वाक्य त्यांनी तिथल्या तिथे रचलं. "काय सांगताय? तुमच्या पत्नी तर म्हणाल्या की आहे!"

यजमानांना शब्द कळले नाहीत. सूर मात्र ओळखीचा होता. कोपराची वाट न बघता, घरात लागलेल्या सवयीने, ते पटकन म्हणाले, "या, या, या."

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं आणि भराभर खोडरबर फिरल्याचा आवाज आला. फ्राऊबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला.

चौथा संवाद डोंगरातल्या शेतकऱ्याचा होता. त्याची गाय दुसऱ्याच्या रानात शिरली होती. फ्राऊबाईंनी पुन्हा म्हातारीला बोलावलं. या वेळी मात्र त्या रंगल्या. गाईला, शेजाऱ्याला, कुंपणाला आणि एकूण जगाला त्यांनी असं फैलावर घेतलं की यजमान भिंतीला टेकले. हॉलमध्ये एक खुर्ची सरकली. जड बुटांचा आवाज मधल्या बोळात आला, जवळ आला, आणि दारावर टकटक झाली.

फ्राऊबाईंचा हात तोंडावर गेला. यजमान मात्र आयुष्यभर दारावर टकटक झाली की एकच शब्द बोलत आले होते. ते मराठीत म्हणाले, "या!"

निरीक्षक आत आले. उंच, पिकलेल्या मिशांचे, गंभीर गृहस्थ. त्यांनी माईककडे पाहिलं, छापील कागदांकडे पाहिलं, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाकडे पाहिलं. दोघं त्या ढिगात कोपरं जोडून बसलेली होती. मग ते यजमानांकडे वळले आणि जर्मनमध्ये विचारू लागले. फ्राऊबाईंनी तोंड उघडताच त्यांनी हाताने थांबवलं.

"आपण परीक्षक आहात?"

यजमानांनी बायकोकडे पाहिलं. तिचं कोपर आता लांब होतं. दोनातला एक शब्द निवडणं भाग होतं. "नाइन."

"हे नियमात बसतं का?"

"नाइन."

"मग हे सगळं आपण पत्नीच्या सांगण्यावरून केलंत?"

"या," यजमान म्हणाले, आणि न समजताही त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

निरीक्षकांची मिशी जराशी हलली. ते फ्राऊबाईंकडे वळले. "बाई, शेतकऱ्याची ती बोली. कुठे शिकलात?"

फ्राऊबाईंनी म्हातारीच्या गावाचं नाव सांगितलं. "त्याच्या पलीकडच्या खोऱ्यातला मी," निरीक्षक म्हणाले. " माझी आई हाक मारायची तेव्हा असंच वाटायचं, की आता मार बसणार. मघाशी मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो." मग त्यांचा चेहरा पुन्हा सरकारी झाला. "तरीही हे मला मान्य करता येणार नाही. परीक्षा रद्द."

"साहेब, त्या मुलींची काही चूक नाही हो," फ्राऊबाई पुढे होत म्हणाल्या. "एकीने नोकरी सोडलीय. शिक्षा द्यायची तर मला द्या."

दार पुन्हा वाजलं. थोरली सिस्टर पेपर हातात घेऊन दारात उभी होती आणि तिच्या मागे संचालक पांढरेफटक पडले होते.

"फ्राऊबाई, माफ करा," सिस्टर म्हणाली, "पण पाचव्या संवादाचे प्रश्न आमच्या पेपरात छापलेलेच नाहीत."

"कुठला पाचवा?"

"हाच. नियमात बसतं का, पत्नीच्या सांगण्यावरून केलंत का... आम्हाला सगळ्यांना कळला. एकदम सोपा होता. फक्त खूण कुठे करायची ते सांगा."

फ्राऊबाईंनी माईककडे पाहिलं. लाल दिवा जळत होता. माईक सुरूच राहिला होता. निरीक्षकांनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने तो बंद केला.

तेवढ्यात हॉलमधून आवाज आला. स्वच्छ, गुळगुळीत जर्मन. 'संवाद पहिला.' पडद्यावरचं वर्तुळ फिरायचं थांबलं होतं आणि खरी ध्वनिफीत आपोआप सुरू झाली होती.

निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं. नियमात सांगितलेली वेळ अजून उलटली नव्हती. परीक्षा अगदी थोडक्यात वाचली होती. सगळे घाईने हॉलमध्ये आले. "ध्वनिफीत वेळेत सुरू झाली," निरीक्षक जाहीर करत म्हणाले. "आधी झाला तो सराव. उमेदवारांना कोरे पेपर द्या."

संचालक पेपर वाटायला असे धावले की दोन खुर्च्या पडल्या. फ्राऊबाई मात्र दाराला धरून उभ्या होत्या. आता खरी कसोटी होती. मुलींनी आपल्या तोंडून ऐकलेलं आणि ध्वनिफितीतलं, यात जमीन-अस्मानाचा फरक निघाला तर?

फरक निघालाच. मासळीवाली बोलू लागली ती बातम्या दिल्यासारखी. पेशंट पोटदुखीबद्दल इतक्या आनंदाने सांगत होता, की पोटात दुखणं ही सोय वाटावी. मुली गोंधळून एकमेकींकडे बघायला लागल्या. चौथ्या संवादात डोंगरातला शेतकरी आला तेव्हा मागच्या रांगेतल्या एकीने हात वर केला. "सर, हा कुठला शेतकरी? ह्याची गाय गेलीय तरी ह्याला काहीच वाटत नाही."

"शांतता!" निरीक्षक म्हणाले. पण ते स्वतःच स्पीकरकडे कान देऊन, भुवया आक्रसून उभे होते. पेपर गोळा झाले तेव्हा ते फ्राऊबाईंजवळ येऊन हळूच म्हणाले, "हे आवाज संगणकाने बनवलेत. धोरण मीच मंजूर केलं होतं, आवाज आज पहिल्यांदा ऐकले. आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. गाईसुद्धा बिचकतील."

निकाल लागेपर्यंत फ्राऊबाईंना धड जेवण गेलं नाही. पण मजकूर एकच होता आणि मुलींनी तो दोनदा ऐकला होता. सगळ्या पास झाल्या. थोरली सिस्टर ठरल्या तारखेला रुजू झाली. तिकडे एक म्हातारा पेशंट डोंगरी बोलीत तिच्यावर ओरडला तेव्हा वॉर्डात फक्त तिलाच तो नीट कळला, असं तिने फोन करून सांगितलं.

त्यानंतर निरीक्षकांचा फोन आला. मंडळाने संगणकाचे आवाज काढून टाकायचं ठरवलं होतं. आता खऱ्या माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित होणार होते. फ्राऊबाईंचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांची तपश्चर्या! घसा साफ करून त्या म्हणाल्या, "मी कधीही तयार आहे, साहेब."

"आपण नाही, बाई," निरीक्षक अवघडून म्हणाले. "आपली जर्मन फार चांगली आहे. आम्हाला आपले यजमान हवेत. परक्या देशात घाबरलेला पेशंट आम्हाला इतका अस्सल कुठेच मिळाला नाही. अट एकच. ध्वनिमुद्रणापर्यंत त्यांनी भाषेचं कोणतंही शिक्षण घेऊ नये."

यजमानांनी हे अतिशय मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवी तुकडी शिकवणीला आली आणि फ्राऊबाईंनी पहिलं वाक्य उच्चारलं, तशी आतल्या खोलीतून करड्या आवाजात हाक आली.

"अगं, दार लावून घे. माझे उच्चार बिघडतील."