गायकवाड सिस्टरांचं इटालियन

इटालियनच्या वर्गात पहिल्याच दिवशी गायकवाड सिस्टरांनी मॅडमना मध्येच थांबवलं. हॉटेलात खोली कशी मागायची, ते मॅडम शिकवत होत्या. "ते राहू द्या," सिस्टर म्हणाल्या, "'कुठे दुखतंय' कसं विचारायचं?"

सिस्टर एका खासगी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या. राहायला येरवड्यात, एकट्याच. विद्यापीठाच्या त्या संध्याकाळच्या वर्गात बाकीचे आम्ही सगळे आयटीतले, पंचविशीचे. मला तर कंपनी मिलानला पाठवणार होती. सिस्टरांना कुठेच जायचं नव्हतं, तरी दोन बस बदलून त्या सगळ्यांच्या आधी हजर. कोणी शिंकलं की त्याची नाडी धरायच्या आणि "जिवंत आहेस, लिही पुढे" म्हणायच्या. सहामाहीच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्यांना कॉफी मागवायला सांगितलं. सिस्टरांनी शुद्ध इटालियनमध्ये उलट त्यांनाच विचारलं, आज पोट साफ झालं का.

हे सगळं कशासाठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "तुम्हाला काय करायचंय?"

दिवाळीनंतर घराचा धडा आला. दार झालं, भिंत झाली. मग मॅडमनी फळ्यावर खिडकी काढली आणि म्हणाल्या, "फिनेस्त्रा."

सिस्टरांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग उठून बाहेर गेल्या.

मी मागोमाग गेलो. त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी बसलो, तशा सांगू लागल्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या वॉर्डात एक इटालियन म्हातारी होती. एकटीच फिरायला आलेली, न्यूमोनिया झालेला, इंग्रजीचा गंध नाही. चार दिवस ती तेच ते पाच शब्द म्हणत काहीतरी मागत राहिली आणि पाचव्या दिवशी गेली.

"मला वाटलं, फिनेस्त्रा तिची मुलगी," सिस्टर म्हणाल्या. "मी आपली हात धरून सांगतेय, येईल हं, निघालीय ती."

यात तुमची काय चूक, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी ऐकून घेतलं, पर्स उचलली आणि बसस्टॉपकडे गेल्या.

त्यानंतर त्या वर्गाला आल्या नाहीत. परीक्षा झाली. सर्टिफिकेट घ्यायला गेलो, तर पुढच्या वर्षाचा फॉर्म भरायच्या रांगेत त्या उभ्या. आता कशाला, म्हणून मी विचारलं.

यावेळी त्यांनी उत्तर दिलं.

"तिचे अजून चार शब्द राहिलेत."