पत्रिकेची अक्षरं गळतात

"पोरगी उजवायची राहिली अन् ह्यांना त्या चकतीचा लळा लागलाय," पोह्यांवर पाण्याचा हबका मारत मनकर्णाबाई कढईला सांगत होत्या. "पार्सल येणार, पार्सल येणार! पाव्हणे येणार, ते न्हाई ध्यानात ऱ्हात."

कढईला सांगितलेलं पडद्यापलीकडच्या बन्सीधररावांना स्वच्छ ऐकू जायचं. त्यासाठीच ते कढईला सांगितलेलं असायचं.

गंगाखेडात बन्सीधररावांचं कटपीसचं दुकान होतं. परभणीचा एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तेव्हा तिथलं एक मशीन त्यांनी टेम्पोत घालून आणलं आणि दुकानामागच्या खोलीत मांडून बाहेर पाटी लावली : 'कॉम्प्युटर जन्मपत्रिका व गुणमेलन केंद्र'. जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की पडद्यावर कुंडलीची बारा घरं उभी राहायची आणि खाली छत्तिसापैकी किती गुण जुळले ते यायचं. मशीन चालवायची त्यांची लेक सत्यशीला. ती त्याच क्लासात, तो बंद पडायच्या आधी, शिकून निघालेली.

अडचण होती प्रिंटरच्या रिबनीची. ती इतकी फिकी पडली होती की पत्रिकेत मंगळ छापला तरी दिसायचा नाही. काही गिऱ्हाइकं त्यावर खूश होती, पण बन्सीधरराव हैराण. त्यांनी मुंबईहून नवी रिबन मागवली आणि रोज दारात उभं राहून पोस्टमनची वाट बघायला लागले. आदल्या दिवशी पोस्टमन आश्रुबानं एक जाड पाकीट आणून दिलं. आत रिबन नव्हती. एक फ्लॉपी, म्हणजे मनकर्णाबाईंची 'चकती', होती आणि इंग्रजीत छापलेली चिठ्ठी : आपलं पार्सल वाटेत थांबलं आहे, ते कुठं आहे हे पाहायला सोबतची फ्लॉपी मशीनमध्ये घाला. पाठवणाराचं नाव नाही, गाव नाही.

"बाबा, नका घालू," सत्यशीला म्हणाली. "सरांनी सांगितलं होतं. अनोळखी फ्लॉपीतून व्हायरस येतो. कुणीतरी मुद्दाम लिहिलेला खोडसाळ प्रोग्राम असतो तो. मशीनमध्ये घुसून नासधूस करतो."

"अनोळखी कामून? आश्रुबानं हातात दिलीय. त्याच्या बापाला वळखतो मी."

"आश्रुबानं बनवली नाही ना ती!"

"सरकारी पोष्टातून आलीय, बाई. सरकार काय रोग वाटत फिरायलंय का?"

फ्लॉपी गेली आत. पडद्यावर 'पार्सल निघालं आहे' अशा अर्थाची एक ओळ आली आणि मावळली. "बग, निघालं!" म्हणत बन्सीधररावांनी फ्लॉपी काढली आणि जपून गणपतीच्या तसबिरीमागं ठेवली.

आणि आज पूर्णेहून पाहुणे आले. दिनकरराव रेल्वेत गार्ड, त्यांच्या पत्नी पार्वतीबाई, आणि मुलगा व्यंकट, जो आल्यापासून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. पोरगी पाहून झाली होती, पसंती कळली होती, राहिले होते फक्त गुण. मनकर्णाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. आधीची दोन स्थळं गुणांवरच मोडली होती, पण त्या वेळी सत्यशीलानं दोन्ही वेळा पोटभर जेवण केलं होतं. व्यंकट बघून गेला त्या दिवशी मात्र तिनं वरणात दोनदा मीठ घातलं. आईला तेवढं पुरे असतं.

पार्वतीबाईंची अट एकच होती. "छापील कागुद नगं आमाला. चक्की बी तुमची अन् पीठ बी तुमचंच. आमच्या डोळ्याम्होरं काढा."

म्हणून सगळे मशीनपुढं बसले. सत्यशीलानं व्यंकटचं नाव टाकलं, तारीख टाकली, आणि मान वर न करता विचारलं, "जन्मवेळ?"

दिनकररावांनी बायकोकडं पाहिलं. "सकाळी सव्वासा," पार्वतीबाई कोर्टात शपथ घ्यावी तशा म्हणाल्या.

"आमच्या सत्यशीलाची रात्री साडेनऊ," मनकर्णाबाईंनीही लगोलग सांगून टाकलं.

कुंडल्या आल्या. सगळे पुढं सरकले. आणि तेवढ्यात दहाव्या घरातला शनी हलला. बाभळीची शेंग सुटावी तसा तो सुटला आणि टपकन पडद्याच्या तळाशी जाऊन पडला. त्याच्यामागं गुरू पडला. मग बुध. मग अक्षरामागून अक्षर अशी गळती लागली, आणि बघता बघता 'व्यंकट' हे नाव पार तळाला जाऊन त्याचा ढीग झाला.

"हे असंच असतंय का?" दिनकररावांनी विचारलं.

"नवीन तऱ्हा हाय," बन्सीधरराव कपाळ पुसत म्हणाले. "ग्रह चालते-फिरते असतात ना."

"बाबा, ती फ्लॉपी..."

"गप. पाणी आण पाव्हण्यांना."

पत्रिकेच्या दुकानात पत्रिकाच सडली असं सोयऱ्यांपुढं कोण सांगणार? बन्सीधररावांनी मशीन बंद केलं, मनात अष्टविनायक म्हणून पुन्हा चालू केलं. गंगाखेडची रोज न चुकता जाणारी लाईट आज गेली असती तर त्यांनी तिच्या नावानं साखर वाटली असती. पण लाईट आज हलायला तयार नव्हती.

पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला होता. ती आणि मनकर्णाबाई, दोघी पडद्याकडं बघत होत्या आणि एकमेकींकडं बघायचं टाळत होत्या.

सत्यशीलानं पुन्हा सगळं टाकायला घेतलं. "जन्मवेळ?"

"दुपारची... जेवणं झाल्यावर," पार्वतीबाई पुटपुटल्या.

दिनकरराव खोकले. सत्यशीलाची बोटं क्षणभर थांबली. व्यंकटनं पहिल्यांदाच गुडघ्यांवरून नजर उचलून आईकडं पाहिलं.

"अन् आमच्या सत्यशीलाची?" बन्सीधरराव म्हणाले.

"दिवेलागणीला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"मघा तर तू..."

"मी मघा काय म्हणलं ते मला ठावं हाय. तुमी मशीनीकडं बगा."

बन्सीधररावांनी मशीनीकडं पाहिलं. ह्या वेळी राहू-केतूनं सुरुवात केली, आणि शेवटी तळाला पडलं ते सत्यशीलाचं नाव. व्यंकट वर सुखरूप होता.

"पडलं," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, सुटका होती. मनकर्णाबाईंना मात्र तो टोमणाच वाटला.

"मघा तुमच्या लेकाचंच पडलं व्हतं, ताई."

"म्हणून तर म्हणलं. आता फिटंफाट झाली."

"नावं पडायलीत अन् फिटंफाट कसली?" म्हणत मनकर्णाबाई तडक उठल्या आणि एका हातात निखाऱ्यांचं घमेलं, दुसऱ्या मुठीत मीठ, मोहरी, वाळल्या मिरच्या घेऊन परतल्या. मशीनवरून त्यांनी मूठ उतरवली, आधी व्यंकटच्या कुंडलीच्या बाजूनं, मग सत्यशीलाच्या. "आल्यागेल्याची, पाव्हण्यासोयऱ्याची..." एवढ्यावर त्यांना समोर बसलेत ते पाहुणेच आहेत हे आठवलं आणि पुढचे शब्द त्यांनी गिळले. थोड्या मिरच्या निखाऱ्यावर टाकल्याबरोबर सगळी खोली ठसकायला लागली. दिनकरराव डोळे पुसत दारात जाऊन उभे राहिले. व्यंकट पाण्याचा तांब्या शोधायला गेला आणि नेमका सत्यशीलाच्या हातातलाच तांब्या घेऊन प्यायला.

"एकदा शेवटचं बगू," बन्सीधरराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आता पडलं, तर पडलं." आणि हे आपण नक्की कशाबद्दल बोललो ते कळून त्यांचाच चेहरा उतरला.

मशीन चालू झालं. सत्यशीला खुर्चीत बसली. तिचे डोळे लाल होते. मिरचीनं, म्हणायला हरकत नाही. नाव टाकलं, तारीख टाकली.

"जन्मवेळ?" तिनं अगदी हळू विचारलं.

"नगं इचारू गं, माय!" पार्वतीबाई एकदम बोलल्या. "मला न्हाई ठावं. तुरीच्या रानात व्हते मी, बांधावरच झाला ह्यो. घड्याळ ह्यांच्या खिशात, अन् हे मनमाडच्या गाडीवर. दिवस वर चढला व्हता का कलला व्हता, कुणाला सुधरायलंय तवा? कालपासून ह्येच भ्याव हाय मला, मशीन खोटं धरंल म्हणून. अन् धरलं बी! पर तू लय भरलीस मनात, म्हणून थापा मारायलेय मी."

मनकर्णाबाईंनी हातातली उरलेली मीठ-मोहरी कोपऱ्यात टाकली आणि विहिणीच्या शेजारी सतरंजीवर टेकल्या.

"इहीणबाई, तुमची निदान तारीख तरी घरची हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरीची ती बी शाळेतल्या मास्तरनं टाकलीय."