शाळेला नर्स हवी आहे

सकाळी पावणेनऊला शिल्पा बर्डेची राखाडी गाडी शाळेच्या पार्किंगमध्ये, रिसायकलिंगच्या डब्यांशेजारी येऊन उभी राहिली. ऑफिसच्या खिडकीतून ती पाहून वरदा खासनीसने किटलीत एक कप पाणी जास्त घातलं. आज सोळावा दिवस होता.

शिल्पाची आठ वर्षांची मुलगी सान्वी या शाळेत इयर फोरमध्ये होती. महिन्यापूर्वी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने बिस्किट खाल्लं, त्यात शेंगदाणे निघाले आणि दहा मिनिटांत अँब्युलन्स बोलवावी लागली. सान्वी वाचली. हॉस्पिटलने दोन इंजेक्शनं बरोबर दिली, दिसायला जाड पेनासारखी. पुन्हा तसं झालं तर कपड्यांवरूनच मांडीत दाबायचं आणि अँब्युलन्ससाठी ९९९ला फोन करायचा. शिल्पाला ते हॉस्पिटलात पाच मिनिटांत शिकवलं होतं. पण शाळेचे हेड, मिस्टर पेम्बर्टन, पाच मिनिटांवर भागवणारे नव्हते.

“आमच्या स्टाफला सरकारी नर्सने शिकवलं पाहिजे आणि केअर प्लॅनवर तिची सही पाहिजे,” ते म्हणाले होते. “इन्शुरन्सवाल्यांची तशी अट आहे. तोपर्यंत मुलीची आई दोन मिनिटांच्या अंतरावर हवी. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

म्हणून नागपूरहून इंग्लंडला, बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत आलेली शिल्पा सोळा दिवस गाडीत बसून नोकरी करत होती. लॅपटॉप मांडीवर, डबा डॅशबोर्डवर. लंचब्रेकमध्ये सान्वी मैदानातून हात हलवायची. पहिल्या आठवड्यात रोज, आता आठवण झाली तर.

वरदा चहा घेऊन खाली आली. शिल्पाने मिटिंग म्यूट केली आणि काच खाली घेतली.

“आलं का काही त्यांचं?”

“नाही गं. आज परत फोन करते.”

“वरदाताई, काल मॅनेजरने विचारलं, तुझ्यामागे रोज सीटबेल्ट का लटकलेला दिसतो? मी म्हटलं, बॅकग्राउंड आहे.”

“मग?”

“मग तो म्हणाला, सोमवारपासून ऑफिसला ये, क्लायंट येतोय. नाही गेले तर प्रोजेक्ट जाईल माझ्या हातून. अन् माझा व्हिसा त्या नोकरीवर आहे, तुम्हाला माहितीच आहे.” शिल्पाने चहाचा घोट घेतला. “आता मान वळत नाही हो माझी उजवीकडे.”

एल्डरहॅम गावातली ही प्रायव्हेट शाळा लहानशी होती. मुलं एक्क्याण्णव, शिक्षक अकरा आणि ऑफिसमध्ये एकटी वरदा. हरवलेले स्वेटर, तुंबलेले सिंक आणि रागावलेले पालक हे सगळं तिच्याकडेच होतं, तेव्हा नर्सही आपोआप तिच्याकडे आली. तसा नियम शाळेच्या बाजूचा होता. शाळांना नर्सची जी सरकारी सेवा मिळते ती यंदाच्या सप्टेंबरपासून प्रायव्हेट शाळांनाही द्यायची, असं कौन्सिलने ठरवलं होतं. तसं पत्रही वरदाकडे होतं. पत्रात सगळं होतं, फक्त नर्स मागवायची कुठून ते नव्हतं.

कौन्सिलने सांगितलं, नर्स आमच्याकडे नसतात, आरोग्यसेवेकडे असतात. आरोग्यसेवेने सांगितलं, नर्स आहेत, पण शाळांची यादी कौन्सिलकडून येते. कौन्सिलने सांगितलं, यादी पाठवलेली आहे, पण ती सरकारी शाळांची आहे. प्रायव्हेट शाळांची यादी कोण करणार हे ठरवायला एक समिती नेमली होती आणि त्या समितीच्या अध्यक्षबाई सध्या आजारी रजेवर होत्या.

“तुमची पब्लिक स्कूल का?” आरोग्यसेवेच्या फोनवरच्या नव्या मुलीने विचारलं.

“नाही, प्रायव्हेट.”

“इंडिपेंडंट!” मागून जाता जाता मिस्टर पेम्बर्टननी दुरुस्ती केली.

“म्हणजे पब्लिक स्कूलच ना?” मुलगी म्हणाली.

या देशात सगळ्यात महागड्या प्रायव्हेट शाळांना पब्लिक म्हणतात. बावीस वर्षं इथे काढूनही वरदाला याची सवय झाली नव्हती. ती म्हणाली, “इमारत आहे. आत मुलं आहेत. नर्स नाही.”

“मग ऑनलाइन फॉर्म भरा,” मुलगी म्हणाली.

फॉर्ममध्ये ‘संस्थेचा प्रकार’ या प्रश्नापुढे चार पर्याय होते: सरकारी प्राथमिक शाळा, सरकारी माध्यमिक शाळा, विशेष शाळा, इतर. वरदाने हेल्पलाइनला फोन लावला. सदतीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक गृहस्थ आले.

“‘इतर’ करा,” ते म्हणाले. “आणि पुढे जे विचारेल ते भरा. रिकामं सोडलंत तर पान पुढे सरकत नाही.”

‘इतर’ केल्याबरोबर प्रश्नांचा सूर बदलला. ‘एकूण रहिवासी किती?’ वरदा थबकली. तिने रकाना रिकामा सोडून पाहिला. पान सरकलं नाही. तिने ९१ लिहिलं. ‘सर्वांत वयस्कर व्यक्तीचं वय?’ केअरटेकर मिस्टर ब्रिग्ज चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. तिने ७४ लिहिलं. ‘जेवताना मदत लागते का?’ रिसेप्शनच्या वर्गातली चार वर्षांची मुलं तिच्या डोळ्यांसमोर आली. तिने लिहिलं, काहींना. ‘टॉयलेटला जाताना?’ काहींना, आणि ऐनवेळी. ‘विसरभोळेपणा?’ फार. ‘विनाकारण रडणं किंवा चिडणं?’ मुख्यतः दुपारी. ‘पडण्याचं प्रमाण?’ रोज. ‘न सांगता बाहेर जाण्याचा प्रयत्न करतात का?’ हो, म्हणून दाराला कोड आहे. ‘नातेवाईक भेटायला येतात का?’ रोज साडेतीनला.

एकही अक्षर खोटं नव्हतं. फॉर्म विचित्र आहे असं तिला वाटलं, पण सोळा दिवसांनंतर माणूस विचित्र फॉर्मशी वाद घालत नाही. तिने बटण दाबलं. चार मिनिटांत उत्तर आलं: तुमच्याकडची गंभीर परिस्थिती लक्षात घेऊन नर्स शुक्रवारी सकाळी दहाला येईल.

वरदा कोट न घालताच पार्किंगकडे पळाली.

शुक्रवारी दहाला खरोखरच नर्स आली. पन्नाशीची, निळ्या गणवेशातली, हातात चाकांची मोठी बॅग आणि काखेत घडी केलेला वॉकर.

“लाउंज कुठे आहे?” तिने इंग्रजीत विचारलं. “का सगळे अंथरुणातच आहेत?”

“कोण सगळे?”

“रहिवासी.”

वरदाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. ब्रेक चालू होता. एक्क्याण्णव रहिवासी मैदानात होते. दोघं झोक्याच्या खांबाला उलटे लटकले होते, एकजण दुसऱ्याला बुटाने मारत होता. नर्सने बराच वेळ पाहिलं. मग वॉकर भिंतीला टेकवून ठेवला.

“मला सांगितलंय, वृद्धांचं केअर होम,” ती म्हणाली. “एक्क्याण्णव जण, नर्स एकही नाही. रोज पडतात.”

“पडतात ना,” वरदा म्हणाली. तेवढ्यात बाहेर कोणीतरी पडलं.

वरदाने सगळं सांगितलं. यादी, समिती, ‘इतर’. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. नर्सची नजर तिच्या गळ्यातल्या बॅजवर गेली.

“खासनीस? मराठी आहे तू?” नर्स एकदम मराठीत म्हणाली. “मी नीना. माझा आई ठाण्याची. मी इथेच जन्मला, म्हणून माझा मराठी असं आहे.”

“फार छान आहे,” वरदा म्हणाली. अठरा दिवसांत तिच्याशी कोणी यादीविना बोललं नव्हतं. “नीना, मग आता मुलांची नर्स कधी येईल?”

“ती दुसरा टीम आहे. त्यांना लिस्ट लागते.”

वरदा खुर्चीत बसली. रडावं इतकी ताकद तिच्यात नव्हती. तिने नुसतं पार्किंगकडे पाहिलं.

“ती राखाडी गाडी दिसते? त्यात एक आई बसलीये. अठरा दिवस. सोमवारी ती ऑफिसला गेली नाही तर तिचं काम जाईल, आणि गेली तर मुलगी शाळेत येऊ शकत नाही.”

नीना पुन्हा खिडकीशी गेली. शिल्पा एका हाताने पोळीची गुंडाळी खात होती, दुसऱ्या हाताने लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघून ‘समजलं’ असा अंगठा दाखवत होती आणि मान वळत नसल्यामुळे सबंध अंग वळवून मैदानात सान्वीला शोधत होती.

“पेन तर मी रोजच शिकवतो,” नीना सावकाश म्हणाली. “केअर होमच्या स्टाफला. पेन तेच आहे. मांडी पण तेच आहे.”

“पण सान्वी तुमच्या कामात बसत नाही.”

“तू एक्क्याण्णव रेसिडेंट लिहिलं ना? ती त्यातला एक. सत्तावीस वर्षं मी हा जॉब करते. चूक कोणाचा ते शोधायला सहा महिने, काम करायला एक तास. स्टाफला बोलव.”

एवढ्यात मिस्टर पेम्बर्टन आत आले. निळा गणवेश पाहून त्यांचा चेहरा उजळला. “अखेर!” ते म्हणाले. नीनाने त्यांच्या लाल झालेल्या मानेकडे पाहिलं.

“तुम्ही रहिवासी का?” ती इंग्रजीत म्हणाली. “बसा.”

“मी हेड आहे.”

“बाही वर करा.”

रक्तदाब एकशे अठ्ठ्याहत्तर निघाला. नीनाने त्यांना पाणी दिलं, पाय स्टुलावर ठेवायला लावले आणि सोमवारी डॉक्टरांना दाखवायचं असं त्यांच्या हाताने त्यांच्याच डायरीत लिहून घेतलं. इतकी वर्षं या शाळेत मिस्टर पेम्बर्टनना कोणी दरडावून ‘बसा’ म्हटलेलं वरदाने ऐकलं नव्हतं. ते बसले. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी डोळेही मिटले.

मग स्टाफरूममध्ये अकरा शिक्षक, मिस्टर ब्रिग्ज आणि वरदा ओळीने बसले आणि बिनसुईचं सरावाचं पेन प्रत्येकाने स्वतःच्या मांडीवर तीनतीनदा दाबलं. नीनाने कोणालाही सवलत दिली नाही. हेडनाही शेवटी उठवून दाबायला लावलं. नंतर सान्वीला आणि शिल्पाला आत बोलावून तिने टॅबलेटवर केअर प्लॅन भरायला घेतला. जन्मतारीख विचारली. बारा एप्रिल दोन हजार सतरा. टॅबलेट वर्षाचे दोनच आकडे घेत होता.

“चालायला आधार लागतो का, हे पण विचारते,” नीना कंटाळून म्हणाली. “नाही. आवडते उद्योग?”

“कार्टव्हील,” सान्वी म्हणाली.

“लिहिलं.”

खाली नीनाची सही झाली. मिस्टर पेम्बर्टननी कागद दोनदा वाचला, सरकारी शिक्का आहे हे पाहिलं आणि इन्शुरन्सच्या फाइलमध्ये ठेवला.

“आता मी जाऊ?” शिल्पाने विचारलं.

“जा,” वरदा म्हणाली.

शिल्पा गाडीत बसली, पण गाडी काही हलली नाही. पाच मिनिटांनी ती उतरून परत आली, स्टाफरूमच्या कपाटात पेनं दोन्ही आहेत ना ते बघितलं, सान्वीच्या बाईंना “प्लीज” म्हणाली, पुढचं काही बोलता येईना म्हणून पुन्हा “प्लीज” म्हणाली. बाईंनी स्वतःच्या मांडीवर मूठ आपटून दाखवली. तेव्हा कुठे ती गेली. मैदानात सान्वीने पाहिलंसुद्धा नाही.

सोमवारी क्लायंट आला, शिल्पाने त्याला सगळं नीट दाखवलं आणि प्रोजेक्ट तिच्याकडे राहिला. वरदाला तिने मेसेज केला: इथल्या खुर्च्या किती रुंद असतात हो ताई!

तीन आठवड्यांनी शाळांच्या नर्स सेवेचं पत्र आलं. प्रायव्हेट शाळांची यादी तयार झाली होती. मात्र आमच्या नोंदीनुसार आपली संस्था शाळा नसल्याने आम्हाला खेद वाटतो, असं त्यात लिहिलं होतं. वरदाने ते वाचून बाजूला ठेवलं, तोच फोन वाजला. केअर होम्सवर देखरेख करणाऱ्या कचेरीतून एक गृहस्थ बोलत होते. आवाज अतिशय नम्र होता.

“तुमच्याकडे सान्वी बर्डे म्हणून एक रहिवासी आहेत. वय एकशेआठ.”

“आठ,” वरदा म्हणाली. “ही शाळा आहे. तिचा जन्म दोन हजार सतराचा.”

“आमच्याकडे एकोणीसशे सतरा आहे. बदलायचं असेल तर त्याचा फॉर्म वेगळा आहे, मी पाठवतो. पण आधी ही चौकशी पूर्ण करू या का? अर्धवट सोडली तर मला पुढे जाता येत नाही.”

त्या आवाजातला शीण वरदाच्या ओळखीचा होता. तिने खुर्ची ओढली. “विचारा.”

“बाईंची प्रकृती कशी आहे?”

“उत्तम.”

“चालतात?”

“पळते.”

“इथे आवड म्हणून कार्टव्हील लिहिलंय.”

“हो. आता एका हाताने करायला शिकतेय.”

पलीकडे टाइप करण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. “शंभरी ओलांडलेल्यांच्या बाबतीत हे विचारायला मला संकोच वाटतो,” गृहस्थ हळुवारपणे म्हणाले, “पण जवळचं असं कोणी हयात आहे का?”

“आई आहे.”

पलीकडे फक्त एक कळ वाजली.

“आई,” गृहस्थ म्हणाले. “आणि त्या... त्या कशा आहेत?”

“तशी बरी आहे,” वरदा म्हणाली. “पण फार थकलीये हो.”