अभ्यंकर काकांचा रेडिओचा दिवस

अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीत सप्टेंबरमधल्या एखाद्या रविवारी, बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना, अंगात रेनकोट, पायात गमबूट आणि काखेत लांब दांड्याची छत्री घेऊन इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडणारे एक सद्गृहस्थ दिसले, तर घाबरू नका. ते आमचे शेजारी अभ्यंकर काका. आदल्या दिवशी रेडिओनं त्यांना पाऊस सांगितलेला असतो. फक्त तो अंदाज ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचा असतो, एवढंच.

एकदा तो खराही ठरला. मंडळाची पिकनिक होती. आम्ही साठ-सत्तर माणसं पत्र्याच्या शेडखाली एकमेकांच्या पायांवर उभे होतो, आणि काका मैदानाच्या मधोमध छत्री उघडून एकटेच भेळ खात होते. पुढची दोन वर्षं त्यांनी ती गोष्ट मला ऐकवली. मी तिथेच होतो असं सांगूनही ऐकवली.

प्रकरण असं आहे. घरोघरी टीव्ही नव्हता त्या काळात इथल्या एका स्टेशननं एका दिवसाचं सगळं प्रसारण रेकॉर्ड करून ठेवलं. बातम्या, गाणी, भाषणं, साबणाच्या जाहिराती, सगळं. त्याची प्रत काकांच्या हाती लागली. रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनिअर माणूस, त्यात गराज सेलमध्ये मिळालेला, कपाटाएवढा व्हॉल्व्हचा रेडिओ घरात. तेव्हापासून दर सप्टेंबरमध्ये एका शनिवारी काका तो दिवस सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत जसाच्या तसा ऐकतात. सातनंतरचं रेकॉर्डिंग खराब आहे, नाहीतर ते झोपलेही नसते.

बेसमेंटमधला कॉम्प्युटर एका छोट्या ट्रान्समीटरला जोडायचा, त्यानं ते रेकॉर्डिंग घरातल्या हवेत सोडायचं आणि वरच्या रेडिओनं ते पकडायचं, अशी व्यवस्था. माझी मुलगी ईशा म्हणाली, "व्हाय कान्ट ही जस्ट यूज अ स्पीकर?" मी तो प्रश्न काकांपर्यंत पोचवला. उकडीचे मोदक मायक्रोवेव्हमध्ये करू का असं विचारल्यावर बघावं, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

नियम एकच. रेडिओ थांबत नसतो. पॉज नाही, मागे नेणं नाही. बाथरूमला गेलात तर तेवढं गेलं. एकदा मी परत येऊन काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "झालं ते हवेत गेलं."

सकाळी सव्वासातला बाजारभाव लागतात. गहू, मका आणि डुकरं. काकांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही, पण डुकरांच्या भावाला ते डोळे मिटून बसतात. "आज जरा उतरलीत," असं हळहळून म्हणतात, आणि पोह्यांवर लिंबू पिळतात. एका जाहिरातीत साबणाच्या खोक्याचं झाकण पाठवा आणि गुलाबाचं बी फुकट मिळवा असं सांगतात. काकांनी झाकण पाठवलं. पाकीट महिन्याभरानं 'असा पत्ता नाही' म्हणून परत आलं. पुढच्या वर्षी ते जाहिरातीच्या वेळी पेन्सिल घेऊन बसले. पत्ता ऐकताना आपलीच काहीतरी चूक झाली असणार, अशी त्यांची खात्री होती.

सुधाकाकू होत्या तोवर या दिवसाला गर्दी असायची. खरं सांगायचं तर आम्ही साबुदाणावड्यांसाठी जायचो. तासभर खाली मान घालून कुठल्यातरी ऑर्केस्ट्राचं वादन ऐकायचं, की काकू हळूच किचनमध्ये बोलवायच्या. "पुरे झालं ते टँटँ, गरम आहेत तोवर खा," म्हणायच्या. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्या वर्षी दहाजण आले, पुढच्या वर्षी चार, गेल्या वर्षी एक. तो मी. पण मी पाऊण तासात ईशाच्या सॉकरचं कारण काढून निघालो. ईशानं सॉकर सोडून तेव्हा वर्ष झालं होतं.

या वर्षी आदल्या आठवड्यात काका आमच्या ड्राइव्हवेवर आले. मी ट्रॅश कॅन आत घेत होतो.

"सुहास, शनिवारी काय करतोयस?"

अशा प्रश्नाला आधी 'का?' विचारायचं असतं, हे पंचवीस वर्षं अमेरिकेत काढून मला शिकता आलेलं नाही. मी काही नाही म्हणून मोकळा झालो.

"बरं झालं. मी तुझं नाव सांगून टाकलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची मुलगी केतकी टेक्ससमध्ये शुगर लँडला डॉक्टर आहे. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. बाबांनी घर विकून आपल्याकडे यावं म्हणून ती तीन वर्षं मागे लागली होती. या वेळी ती म्हणाली, तिकडे तुमचं आहे कोण? काका म्हणाले, माणसं आहेत. मग तिनं डॉक्टरी पद्धतीनं मुद्द्याला हात घातला. एक माणूस दाखवा. तुमच्या रेडिओच्या दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सात तुमच्याजवळ बसेल असा एक. बसला, तर पुढच्या सप्टेंबरपर्यंत मी शुगर लँडचं नाव काढणार नाही. नाही बसला, तर घर लिस्टिंगला.

"आणि तुम्ही माझं नाव सांगितलंत?"

"तू एकदा व्हॉल्व्हबद्दल विचारलं होतंस."

ते मी आठ वर्षांपूर्वी विचारलं होतं, आणि वडे तळून व्हायचे होते म्हणून विचारलं होतं.

घरी सांगितल्यावर बायको, अनघा, खूप हसली. "तू तेरा तास? तुला आपल्या लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा मधे झोप लागते." पण मग म्हणाली, "जा. त्यांचं घर आहे ते."

शनिवारी पावणेसहाला मी हजर झालो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझा फोन त्यांनी काकूंच्या पोळ्यांच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. रेडिओ तापायला मिनिटभर लागतं, तेवढ्यात त्याच्या काचेमागे पिवळा उजेड पडला आणि एक माणूस अतिशय उत्साहात गुड मॉर्निंग म्हणाला. तो केव्हाच वारला असणार, हे सकाळी सहाला मनात येऊ नये, पण आलं.

सकाळ बरी गेली. डुकरं दर वर्षीसारखीच उतरली, तरी काका खुशीत होते. नऊपर्यंत माझा हात चौदा वेळा खिशाकडे गेला. दहाच्या सुमाराला मला गंमत वाटायला लागली. पुढे काय लागणार ते माहीत नाही, बदलता येत नाही, आणि ते आपल्या हातात नाही याचं एक सुख असतं. साडेबाराला काकांनी वरण-भात, तूप आणि बटाट्याची भाजी वाढली. आणि एक वाजता कुण्या सिनेटरचं शेतीवरच्या करांसंबंधी भाषण लागलं.

पुढचं मला सांगता येत नाही. कारण डोळे उघडले तेव्हा सिनेटर नव्हते, बेसबॉलची मॅच चालू होती आणि माझ्या अंगावर एक शाल होती. काका रेडिओकडे बघत होते.

"काका, मी..."

"तिसरी इनिंग आहे," ते म्हणाले. "बोलू नकोस."

एका माणसाचं घर मी वरण-भातावर घालवलं होतं. मॅच कोण जिंकलं ते मला आजही माहीत नाही.

सव्वाचारला एक मालिका लागली. बायका दुपारी कामं करताना ऐकायच्या तशातली, पंधरा मिनिटांची. छोट्या गावात कपडे शिवायचं दुकान चालवणारी हेलन. तिचा नवरा दोन वर्षांपासून बेपत्ता. पोस्टमन येतो आणि नवऱ्याच्या अक्षरातलं पाकीट देतो. हेलन ते हातात घेऊन उभी राहते. ऑर्गन वाजतो. हेलन पत्र उघडेल का? ऐका उद्या, याच वेळी.

आणि काकांनी उठून आवाज पार बंद केला.

मी दचकलो. रेडिओ थांबत नसतो. बाहेर आग लागली तरी थांबत नसतो. काका परत येऊन बसले आणि समोरच्या रिकाम्या सोफ्याकडे बघत राहिले.

"ही सुधाची वेळ," ते म्हणाले.

उद्याचं रेकॉर्डिंग जगात कुणाकडेच नव्हतं. त्यामुळे पहिल्या वर्षी काकूंनी चहा गाळता गाळता उद्याचा भाग स्वतःच सांगून टाकला. मग दर वर्षी नवा. एका वर्षी पत्र साताऱ्याहून आलं होतं. एका वर्षी हेलननं ते न वाचता नागपूरच्या एका डॉक्टरशी लग्न केलं. एका वर्षी पत्र लिहिणारी सासू निघाली. काका वैतागायचे. रेडिओनं सांगितलं नाही ते सांगू नकोस, म्हणायचे. पण आवाज मात्र काकूंचं सांगून होईपर्यंत बंद ठेवायचे. असे एकोणीस भाग झाले, आणि ते सगळेच्या सगळे त्यांना पाठ होते.

"गेली तीन वर्षं ती बाई पत्र हातात घेऊन उभी आहे," काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला काय वाटतं? उघडेल?"

मी आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्ट केलं आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्यातल्या चुका काढणं हे माझं काम. तरी मी प्रयत्न केला. पत्र चुकून शेजारणीच्या हातात पडतं, असं काहीतरी सुरू केलं.

"हे सुधानं अकराव्या वर्षी केलंय," काका म्हणाले. "आणि ते जास्त चांगलं होतं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवत म्हणाले, "पण तू सांगितलंस."

त्यांनी उठून आवाज पुन्हा मोठा केला. बातम्या झाल्या, पाऊस झाला, ऑर्केस्ट्रा झाला. सात वाजता खरखर सुरू झाली, आणि पाचच मिनिटांत केतकीचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"बसले का सुहासदादा?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. काकांनी हात वर केला.

"बसला. मधे चाळीस मिनिटं झोपला."

"बाबा." केतकी हसत होती. "मग तुम्ही हरलात."

"हो," काका म्हणाले.

ते नुसतं 'हो' मला फार लागलं. मी मधे पडून काहीबाही बोललो. डोळे मिटले होते पण ऐकत होतो, हे शेतीचे कर म्हणजे कुणालाही, वगैरे. दोघांपैकी कुणीही तिकडे लक्ष दिलं नाही. मग केतकीचा आवाज आला, मघापेक्षा लहान.

"बाबा, हेलनचं काय झालं?"

"काय होणार? उभी आहे."

"स्टिल? थ्री इयर्स?" ती म्हणाली. "नो, बाबा. असं नाही चालणार. शी ओपन्स इट. पण लगेच नाही, ओके? ती आधी दुकान बंद करते. मग चहा करते. आई करायची तसा, आलं घालून."

"हेलन आलं कुठून आणणार?"

"बाबा, लेट मी टेल. ती आलं घालून चहा करते, आणि लेटर ओपन करते, आणि आत पत्र नसतंच. एका बाळाचा फोटो असतो."

काकांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि खुर्चीत पुढे सरकून बसले.

"कुणाचं बाळ?" त्यांनी विचारलं. मग बराच वेळ ऐकत राहिले, आणि अगदी हळू म्हणाले, "मग?"

मी पोळ्यांच्या डब्यातून माझा फोन काढला, शालीची घडी केली आणि दार हलकेच ओढून घेतलं.

बुधवारी काका पुन्हा ड्राइव्हवेवर आले. नोव्हेंबरमध्ये शुगर लँडला जातोय, म्हणाले. रेडिओसाठी लाकडी पेटी करून घ्यायची होती, माझ्या ओळखीचा कुणी सुतार आहे का विचारत होते. माझ्या झोपेमुळे, असं मी म्हणायला लागलो, तर त्यांनी छे छे करून ते उडवून लावलं.

"केतकी रोज सव्वाचारला फोन करते हल्ली. दवाखान्यातून," ते म्हणाले. "फार घोटाळा करून ठेवलाय रे तिनं. त्या बाळाचे बाबा आता दोन झालेत. फोनवर हे निस्तरता येत नाही. समोर बसूनच बघायला हवं."

"म्हणजे कायमचेच जाताय, काका?"

काकांनी थोडा विचार केला.

"ते हेलनवर आहे," म्हणाले.