दानियलतात्यांचा पत्ता

दानियलतात्यांना कुणी वाट विचारली, की ते नुसतं बोट दाखवून मोकळे होत नसत, सोबतच निघत. एकदा स्टँडवर एकानं कळंबची एसटी कुठली, एवढंच विचारलं. तात्या त्याच्याबरोबर कळंबला गेले आणि त्याच्याच घरी जेवून परतले.

अशा माणसाला आमच्या ख्रिस्ती मंडळीनं चर्चच्या वेबसाइटवर देखरेखीला नेमलं. इंदापुरात इंटरनेट तेव्हा नवंनवं होतं. माझा कॉम्प्युटर क्लास, म्हणून ती बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नव्या माणसांना चर्चला यावंसं वाटलं पाहिजे, असं पाळकसाहेबांचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं, म्हणणं. मी हौसेनं चर्चचा इतिहास टाकला. तात्यांनी नाक मुरडलं.

"ह्यो काय कोर्टाचा कागुद हाय? माणूस आत आला पायजे, आत!"

मग बारामतीहून फोटोग्राफर आणून, दारं-खिडक्या सताड उघडून चर्चचा फोटो काढला. सुगीच्या सणाला मंडळी शेतातला माल आणून चर्चसाठी लिलाव करते. त्यातला बावडा गावचा भला थोरला भोपळा तात्यांनी पहिल्याच पानावर टाकायला लावला.

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. "तात्या, भोपळा बघून चर्चला कोण येईल?"

"मी आलो असतो," तात्या म्हणाले.

पान किती जणांनी पाहिलं, तो आकडा खाली दिसायचा. आकडा वाढला की तात्या पेढे आणत. रोज क्लासमध्ये येऊन पान उघडणारे बहुतेक तेच, हे सांगायचा धीर मला कधी झाला नाही. पेढेही चांगले असत.

तात्यांचा एकुलता एक मुलगा फिलीप भांडून दुबईला गेला होता. तेव्हापासून घरात ते एकटेच. त्याचा विषय काढला की तात्या हवापाण्यावर येत.

चर्चचा पत्ता मात्र त्यांनी शेपटासारखा लांबवला होता. स्टँड, पिठाची गिरणी, तिथून डावीकडं, मग चिंच.

"तात्या, हे दोन ओळींत आटपू. गावात कुणीही सांगेल."

तात्या हळूच म्हणाले, "फिलीप गेला तवा चर्च जुन्या जागंत हुतं. आता तितं कुलूप हाय. नाताळला आलाच, तर इचारंल कुणाला? माज्याशी तर बोलत न्हाय त्यो."

एक अक्षर न कापता मी पत्ता सगळ्यात वर घेतला. तात्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"आन् खाली लिवा," ते म्हणाले, "घर मातर हाय तितंच हाय."