साचा आतच राहिला

साचा सुटेना, तेव्हा जावईबापूंनी कारखान्याचं दार आतून लावून घेतलं. दाराशी पडलेल्या धुळकट ठोकळ्याची नेहमीप्रमाणे ठेच लागली. एरवी दार उघडं राहावं म्हणून तो तिथे असे.

कचेरीतली बरी नोकरी सोडून ते जुन्या काळची तंतुवाद्यं घडवायला शिकत होते. लाकडी साच्यावर पातळ पट्ट्या वाकवून एकमेकींना सरसानं चिकटवायच्या आणि वाळल्यावर वाद्याचं पोट अलगद उचलून घ्यायचं. फक्त पट्ट्या साच्याला चिकटू नयेत म्हणून आधी त्याला मेण चोळायचं. नेमकं तेच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिकवणारे मास्तर वाद्य पाहणार होते. जमलं तर इथेच काम, नाहीतर खाली मान घालून पुन्हा कचेरीत. त्यात बायको कौतुकानं आपल्या वडिलांनाही आणणार होती.

खरं सांगायला जीभ रेटेना. त्यांनी साच्यासकटच वर झाकण चिकटवलं, दांडी बसवली, तारा चढवल्या. दिसायला वाद्य एकदम झकास झालं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी ते उचललं आणि मटकन खाली बसले. "जावईबापू, भलतंच भरीव काम हो!"

"जुन्या काळची माणसं दणकट होती," जावईबापू पुटपुटले.

मास्तरांनी तार छेडली. टक्.

"काही ऐकू नाही आलं," सासरे म्हणाले.

"बाबांना हल्ली कमीच येतं," बायको घाईनं म्हणाली. बाबांना शेजारचं भांडण भिंतीपलीकडून शब्दन्‌शब्द ऐकू येत असे.

आपल्यासाठी ती खोटं बोलली, हे मात्र जावईबापूंना सोसेना. "मास्तर, साचा आतच आहे. मेण विसरलो. झाकण लावलं ते लपवायला."

मास्तर दाराकडे गेले. तो ठोकळा उचलून त्यांनी बाहीनं पुसला. धुळीखालून वाकवलेल्या पट्ट्या दिसू लागल्या.

"हे माझं पहिलं. मीही विसरलो होतो."

जावईबापूंच्या जिवात जीव आला.

"पण मी त्यावर तारा नव्हत्या चढवल्या," मास्तर म्हणाले. "उद्यापासून सगळ्या साच्यांना मेण तू चोळायचंस."

"आणि हे कुठे ठेवू?" सासऱ्यांनी धापा टाकत विचारलं.

"मागच्या दाराला. वाऱ्यानं सारखं आपटतं."

सासऱ्यांनी वाद्य टेकवलं आणि दार दोनदा ओढून पाहिलं. "जागचं हलत नाही हो! छान केलंय."

एवढं मनापासून कौतुक त्यांनी जावयाचं आजवर कधी केलं नव्हतं. जावईबापू खाली मान घालून तारा सोडवत राहिले.