मुशीच्या वडीलकीचा निवाडा

ज्या आदिपुरुषाचे नाव कोणास ठाऊक नाही, त्यास प्रथम दंडवत घालोन लिहितो ऐसे जे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, समुद्रतीरींचे एका राज्यात महाराज सिंहासनी बसावयास सिद्ध जाहले. तेथील रिवाज ऐसा की, कणा असलेल्या सकळ प्राण्यांत जे घराणे वडील, त्यास दरबारी पहिला विडा. आणि वडील कोण, हे ज्यापाशी जुना अस्सल कागद निघेल त्यावरोन ठरावे. महाराजांस आपले वडीलकीविषयी शंका नव्हती, कागद मात्र पाहिजे होता. मग दफ्तरी नारो अनंत म्हणोन एक अबोल तरुण कारकून होते, त्यांस आज्ञा जाहली की, प्रत्येक जिवाचे पेशीत चार अक्षरांची जनुकपोथी असते, ती यंत्रे लावोन वाचावी आणि आमची वडीलकी सिद्ध करावी, न जाहल्यास दफ्तर सोडावे. नारो अनंतांस दफ्तराखेरीज घर नव्हते. मग ताडोन पाहावयास जुने घराण्याचा जीव पाहिजे म्हणोन होडीवरला हिरोजी तांडेल याने मुशी मासा, म्हणजे लहान शार्क, आणिला, आणि नारो अनंतांनी तिचे मांसाचा कण घेवोन पोथी वाचिली, आणि महाराजांचे रक्ताचीही वाचिली, आणि दोन्ही शेजारी मांडिल्या, मग तीन दिवस त्यांस अन्न गोड लागले नाही. जबड्याचे प्रकरण तेच, रोगाशी लढणाऱ्या शिबंदीचे तेच, आणि मुशीचे पर घडविणारी कलमे तीच महाराजांचे बाहू घडवितात. पंचेचाळीस कोटी वर्षांमागे भाऊ वेगळे निघाले. महाराजांचे शाखेने पोथीत खाडाखोड पुष्कळ केली, मुशीने फार थोडी. एक ओळ फिरविली असती तर दफ्तर राहते, परंतु हात धजेना.

मग दरबार भरला आणि महाराज पुसते जाहले, "बोला पंत, वडील कोण?"

नारो अनंत खाली पाहोन बोलिले, "कोणीच नाही, महाराज. एका बापाचे दोघे, बापाचे नाव सापडत नाही. परंतु जुना कागद मुशीपाशी अधिक राहिला."

"तिला तो वाचता तरी येतो काय?"

"आपणांसही आजवर येत नव्हता, महाराज."

मग महाराज हिरोजीकडे वळोन म्हणाले, "मुशीस विड्यासाठी हजर करा."

"ती त्याच दिवशी मुदपाकखान्यात गेली, महाराज. कालवण आपण दोनदा मागून घेतलंत."

सभेने हसू गिळिले. महाराजांनी मिशीवरोन हात फिरविला आणि म्हणाले, "भाऊबंदकीत ऐसे होतेच."

परंतु रिवाज मोडवेना. मग नारो अनंतांस मुशीचे दरबारी वकील नेमोन, रोज प्रातःकाळी पहिला विडा समुद्रास पोचविण्याची सनद दिली. चाकरी राहिली, दफ्तर गेले. ते कमरभर पाण्यात विडा घेवोन उभे राहतात. एके दिवशी काळा पर लाटेवर दिसोन गेला. त्यास "दादा" म्हणावे ऐसे ओठी आले, परंतु वडील कोणी नाही ऐसा निवाडा आपणच दिला होता, म्हणोन उगे राहिले.

येणेप्रमाणे वडीलकीचे प्रकरण मिटले. महाराज तख्ती आहेत, मुशी पाण्यात आहे, विडा रोज भिजतो. कळावे.